बाकीची आजी

त्या बुटांच्या कारखान्यात अख्खा बूट एकट्यानं केलेला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. कातडं कापणारा फक्त कापायचा. शिलाईताई फक्त शिवायच्या. फर्म्यावर, म्हणजे त्या पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, कातडं ताणणारा दिवसभर ताणतच असायचा, आणि त्याचा चेहराही तसाच ताणलेला झाला होता. आणि मावशी डाव्या बुटाची टाच ठोकायच्या. डाव्याच. उजव्या टाचेला दुसरा माणूस होता. तो पलीकडच्या पाटावर बसायचा, आणि इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांच्या टाचेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

हा नियम थोरल्या मालकांचा, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांचा. त्यांचं म्हणणं असं, की बूट चावला तर कुणाच्या नावानं ओरडायचं ते आधीच ठरलेलं बरं. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, बस्स. थोरले मालक गेले, नियम तेवढा राहिला. नियम मेले असेच चिवट असतात.

मावशींच्या मागं आता घरी कुणी नव्हतं. नवरा केव्हाच गेला. एकुलती एक मुलगी, ती कुठल्याशा खाणीतली यंत्रं तपासायला म्हणून मंगोलियाला गेली आणि तिथल्याच एका ट्रकवाल्याशी लग्न करून बसली. जावई दाराएवढा उंच, पण स्वभावानं गरीब गाय. त्याच्याबद्दल मावशींची तक्रार नव्हती. तक्रार होती ती विहीणबाईंबद्दल. मुलगी आणि जावई दोघंही दिवसभर कामावर, आणि नात सदा विहीणबाईंच्या मांडीवर. नातीचं नाव तिकडचं, लांबलचक, मावशींच्या जिभेवर ते बसेना. त्या तिला ठकी म्हणायच्या. ठकी चार वर्षांची झाली, भरभरा बोलायला लागली, पण सगळं मंगोलियन. आजीची भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती.

दर रविवारी फोनवर चेहरा दिसायचा. ‘ठके, ए ठकुताई, जेवलीस का गं?’ मावशी विचारायच्या. ठकी जरा वेळ टक लावून बघायची आणि मग पाठ फिरवून आत पळायची. आत विहीणबाई असायच्याच. तिकडून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. मुलगी म्हणायची, ‘आई, तू सांग ना काय सांगायचं ते, मी तिला सांगते.’ पण दुभाष्याच्या तोंडून कधी पापा घेता येतो का? मावशी फोन ठेवायच्या आणि उरलेला रविवार भांडी घासत काढायच्या. घासलेलीच पुन्हा घासायच्या. माझ्या रक्ताचं पोर आणि मला ओळखत नाही, हे त्यांच्या मनातून जाईना.

म्हणून मालकांनी ज्या दिवशी जाहीर केलं, की थंडीच्या बुटांची मोठी ऑर्डर येऊ घातलीय, ती मंगोलियाहून, आणि खरेदीच्या बाई स्वतः माल बघायला येणार आहेत, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं की त्या खूश होतात म्हणे, तेव्हा मावशींच्या हातातली हातोडी पहिल्यांदाच नेम चुकून अंगठ्यावर बसली. ‘आपण सगळे शिकणार,’ मालक म्हणाले. ‘मी मास्तर ठरवलेत.’ बाकीच्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. मावशी अंगठा तोंडात धरून हसत होत्या.

मास्तर आले ते सडपातळ, खोकणारे, आणि भलतेच उत्साही. त्यांनी आयुष्यभर मंगोलियन शिकवलं होतं, आणि विभक्तीच्या धड्यापुढं एकही विद्यार्थी टिकला नव्हता. त्यांनी बुटांच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि त्यावर खडूनं लिहायला सुरुवात केली. ‘घाबरू नका. आपल्यासारखंच आहे. आपण घराला, घरातून, घराचा म्हणतो ना? तसंच. नामाला मागून शेपूट लावायचं. चा-ची-चे साठी ईन. कडून, हून, पासून यासाठी आस. बरोबर साठी ताइ. दिशेनं साठी रू. एकूण सात शेपटं, आणि एक बिनशेपटाचं, ते नुसतं नाम.’

‘एवढंच?’ शिलाईताई म्हणाल्या.

‘एवढंच. फक्त शब्दातले स्वर बघून शेपूट बदलतं. म्हणजे आसचं कधी एस होतं, कधी ओस. काही स्वर पुरुष असतात, काही बायका, आणि ते एका शब्दात शेजारी बसत नाहीत.’

‘आमच्या डब्याच्या सुट्टीसारखं,’ वॉचमनकाका म्हणाले.

मालक मागं हात बांधून पुठ्ठ्याकडे बघत होते. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘ही सात शेपटं कुणी शिकायची?’

‘प्रत्येकानं.’

‘सातही? एकट्यानं?’ मालकांना हसू आवरेना. ‘अहो, आमच्याकडे टाचसुद्धा दोघांत आहे!’

‘पण भाषा म्हणजे काय बूट आहे का?’

‘तेच म्हणतोय मी. बुटापेक्षा अवघड आहे. म्हणून तर वाटून घ्यायची.’

मास्तरांनी डोक्याला हात लावला. पण मालकांच्या तोंडून एकदा शब्द गेला, की तो गेलाच. तिथल्या तिथं वाटप झालं. चा-ची-चे कातडं कापणाऱ्याला, कारण कुठला तुकडा कुणाचा हे तोच ठरवायचा. बरोबर शिलाईताईंना, कारण जोडायचं काम त्यांचं. दिशेनं डिस्पॅचवाल्याला, त्याबद्दल तर वादच नव्हता. बिनशेपटाची नुसती नामं वॉचमनकाकांकडे गेली. ते दिवसभर रिकामे असतात, त्यांना बिनकामाचं द्या, असा विचार होता. नामं किती असतात याचा विचार कुणी केला नव्हता. बिचारे काका त्या दिवसापासून गेटवर बसून जगातल्या यच्चयावत वस्तूंची नावं घोकायला लागले, आणि आलेल्या-गेलेल्याकडे बघायलाही त्यांना फुरसत उरली नाही. क्रियापद मालकांनी स्वतःकडे ठेवलं. ते वाक्याच्या शेवटी येतं असं कळल्यावर म्हणाले, ‘मग ते माझंच. शेवटचा शब्द इथं माझा असतो.’

आणि मावशींना आस मिळालं. हून, पासून, कडून. बाकीची इतरांत वाटून तेवढंच शिल्लक होतं.

‘मालक, मला बरोबर द्या ना,’ मावशी म्हणाल्या. ‘माझं जरा काम आहे त्याचं. नातीशी बोलायला.’

‘मावशी, ते ताईंचं आहे.’

मावशींनी मान हलवली, पण मनातून बरोबरची आस काही सुटेना. दोन-तीन दिवस त्यांनी टाच ठोकता ठोकता हळूच ताइ, तेइ, तोइ असं पुटपुटून पाहिलं. शिलाईताईंचे कान म्हणजे मांजराचे. मशीन थांबवून त्या उठूनच आल्या. ‘मावशी, मी कधी तुमच्या टाचेला हात लावला? नाही ना? मग?’ मावशी शरमल्या. खरंच होतं ते. त्यांनी पुन्हा आस, एस, ओस सुरू केलं, आणि महिनाभरात ते इतकं घोटलं, की मास्तरांनी कुठलंही नाम फेकलं की मावशींचं शेपूट त्याला येऊन चिकटलंच म्हणून समजा. नामाचा अर्थ मात्र विचारायचा नाही, तो काकांकडे.

खरेदीच्या बाई आल्या. लांब कोट, करारी चेहरा. सगळी मंडळी नामाच्या मागं शेपूट, शेपटाच्या मागं क्रियापद अशी ओळीनं उभी होती. काकांनी पुढं होऊन म्हटलं, ‘ता.’ तुम्ही. मग म्हटलं, ‘खोल.’ लांब. मावशींनी ठोकलं, ‘ओस.’ आणि ओळीच्या टोकाला मालक छाती काढून म्हणाले, ‘इरसेन!’ तुम्ही लांबून आलात. वाक्य अगदी बिनचूक झालं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा चेहरा उजळला, त्या हसल्या, आणि मग भडाभडा बोलायला लागल्या. खूप बोलल्या. शेवटी काहीतरी विचारून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी शिलाईताईंकडे पाहिलं, ताईंनी कापणाऱ्याकडे, त्यानं मालकांकडे. बोलणं सगळं वाटून झालं होतं. ऐकणं कुणाला दिलंच नव्हतं.

‘काय म्हणतायत त्या?’ मालकांनी दातांतल्या दातांत मास्तरांना विचारलं.

‘विचारतायत, की उत्तर कुणाकडे तोंड करून द्यायचं.’

ऑर्डर मिळाली, ही त्या बाईंची मेहेरबानी. त्या दिवसापासून ऐकण्याचं खातं मास्तरांकडे गेलं, आणि त्यांना गेटाजवळ एक खुर्ची मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या विद्यार्थ्यांनी विभक्तीचा धडा पार केला होता. एकेकानं सातवा हिस्सा का होईना.

ऑर्डर मिळाली म्हणजे मंगोलियनचं काम संपलं. मावशींचं मात्र संपलं नव्हतं. डब्याच्या सुट्टीत त्या सगळ्यांपुढं उभ्या राहिल्या. त्यांना मागायची सवय नव्हती, म्हणून एका दमात बोलून टाकलं. ‘रविवारी माझ्या घरी या. सगळेच या. माझी नात फोनवर येते आणि मी नुसतं आस म्हणून काय करू? एका आसनं काही होत नाही हो.’

मग मालकांनी घसा साफ केला. ‘मावशी, रविवारी मी उशिरा उठतो.’

‘मग उशिरा करू फोन.’

तर अशी ती सगळी वरात रविवारी मावशींच्या स्वयंपाकघरात घुसली. जागा ती केवढी! डिस्पॅचवाला ओट्यावर बसला, कापणारा दारात, काका स्टुलावर, आणि मालकांना मान म्हणून एकुलती एक खुर्ची. मास्तर फ्रिजला टेकून ऐकायला सज्ज. फोन डब्यांच्या रांगेला टेकवून उभा केला. ठकीचा चेहरा आला. ठकीनं ही गर्दी पाहिली आणि तिचं तोंड उघडलं ते उघडंच.

काका म्हणाले, ‘ची.’ तू. मग म्हणाले, ‘खेन.’ कोण. शिलाईताईंनी फोनजवळ वाकून जोडलं, ‘तेइ.’ आता मालकांनी खेळलीस म्हणायचं, पण मालक बाथरूममध्ये. तू कुणाबरोबर, एवढं वाक्य स्वयंपाकघरात लटकून राहिलं. ठकी श्वास रोखून वाट बघतेय. मावशींनी बाथरूमचं दार ठोठावलं. आतून आवाज आला, ‘तोग्लोसोन!’ ठकी आनंदानं किंचाळली. तिनं उत्तर दिलं ते मास्तरांनी ऐकलं, आणि ते सांगेपर्यंत तिनं पुढचं सांगितलं, आणि मग मास्तरांची जी तारांबळ उडाली ती काही विचारू नका.

मावशींना बोलायला मिळेल असं एकच वाक्य होतं. बालवाडीतून आलीस का? काका म्हणायचे, ‘चेचेरलेग.’ मावशी सगळा जीव एकवटून म्हणायच्या, ‘एस!’ मालक संपवायचे. आता फोन रविवारचा. रविवारी बालवाडी बंद. तरी दर रविवारी मावशी हेच विचारायला लावायच्या, आणि ठकी हसून हसून लोळायची आणि ओरडायची, ‘उग्वी!’ नाही! ते नाही ऐकण्यासाठी मावशी आठवडा काढायच्या. ठकी आता पाठ फिरवून पळत नव्हती. उलट फोन लावायला तीच आईच्या मागं लागायची. विहीणबाई म्हणे आता रविवारच्या गप्प गप्प असतात. हे ऐकून मावशींना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, खोटं कशाला सांगा.

आणि मग मुलीनं कळवलं, की सुट्टी मिळाली, ठकीला घेऊन आठवड्यासाठी येते.

ज्या दिवशी विमान यायचं, त्याच दिवशी ऑर्डरचा माल निघायचा होता. कारखान्यातून कुणालाच हलता येईना. मावशींना तेवढी तीन दिवसांची सुट्टी मिळाली. ‘तुम्ही जा हो,’ शिलाईताई म्हणाल्या, ‘पोरीला आजी हवी, आम्ही कशाला?’ मावशी नवे कपडे घालून, केस चापून, विमानतळाच्या कठड्याला छाती लावून उभ्या राहिल्या. मुलगी दिसली. तिच्या हाताला धरून लाल गालांची, जाड बूट घातलेली ठकी. मावशींनी दोन्ही हात पसरले. ‘ठके!’

ठकी थांबली. तिनं मावशींना वर-खाली पाहिलं. मग वाकून मावशींच्या मागं पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एका खांबाच्या पलीकडे जाऊन बघून आली. मग आईला काहीतरी विचारलं आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

‘काय झालं गं?’

मुलीनं मान खाली घातली. ‘म्हणतेय, बाकीची कुठाय?’

‘बाकीची काय?’

‘आजी. बाकीची आजी.’

मावशींचे पसरलेले हात तसेच राहिले. त्यांना आधी कळेचना, मग हळूहळू कळलं. पोरीला वाटत होतं, आजी म्हणजे ती अख्खी ओळ. काका, ताई, ओट्यावरचा डिस्पॅचवाला, बाथरूममधून येणारा आवाज, सगळं मिळून एक आजी. आणि इथं आलाय तिचा जेमतेम एक तुकडा! ‘आई, लहान आहे ती, मनावर घेऊ नकोस,’ मुलगी टॅक्सीत म्हणत होती. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. एवढा खटाटोप केला तो या पोरीनं मला ओळखावं म्हणून. ओळखलं तिनं. पण मी त्यात सातवा हिस्साच निघाले.

घरी आल्यावर ठकीनं सगळी कपाटं उघडून पाहिली. बाथरूमच्या दारावर टकटक केली आणि कान लावून ऐकलं. आत कुणी नाही म्हटल्यावर रडायला लागली. मावशींनी जवळ जाऊन केविलवाण्या आवाजात म्हटलं, ‘एस.’ ठकीनं डोळे पुसून वाट पाहिली, पण मागून काही आलं नाही, पुढूनही काही आलं नाही. नुसतं पासून. कशापासून, कोण, काय, काहीच नाही. तिनं भोकाड पसरलं.

पुढचे दोन दिवस माल वेळेत न निघाल्यामुळं कारखान्यात सगळे रात्रंदिवस अडकलेले. मावशींनी येऊन जायला सांगितलं, पण कुणाला येता येईना. ठकी मावशींपासून हातभर लांब राहायची. मावशी भरवायला गेल्या की तोंड मिटायची, आईनं भरवलं की खायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी प्रवासाच्या शिणानं गाढ झोपली होती. मावशी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाहेरून फट, फट असा आवाज आला. ठकी आपले जाड बूट घालून घरभर फिरत होती, आणि डाव्या बुटाची टाच सुटून फरशीवर आपटत होती.

मावशींनी बोटानंच खूण केली, काढ. ठकीनं, काय मनात आलं कोण जाणे, बूट काढून दिला. मावशींनी पाट ओढला, घरातली हातोडी घेतली, तोंडात चार खिळे धरले, आणि टाच अशी बसवली की बघत राहावं. ठकी हातभर अंतरावरून वीतभर अंतरावर आली. मग तिनं दुसरा बूट काढून पुढं केला. उजवा. त्याचीही टाच सैल झाली होती.

मावशींची हातोडी हवेतच थांबली. एवढ्या वर्षांत त्यांनी उजव्या टाचेला हात लावला नव्हता. कारखान्यात नाही, घरात नाही, स्वतःच्या चपलेलासुद्धा नाही. उजवी तुटली की त्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पाटावर नेऊन द्यायच्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. उठून खिडकी लोटली. मग चोरासारखा घाम पुसत त्या उजव्या टाचेवर हातोडी मारायला बसल्या. पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. हात उलटा पडत होता. ठकीनं वाकडा खिळा उचलून बाजूला ठेवला आणि डब्यातून नवा काढून दिला. मग प्रत्येक खिळा तीच द्यायला लागली. एकीनं द्यायचा, एकीनं ठोकायचा. दोघींच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. टाच बसली, जरा तिरकी बसली, पण बसली. ठकीनं दोन्ही बूट घालून दणादण उड्या मारल्या. मग दमली आणि कुणालाही न विचारता मावशींच्या मांडीवर येऊन आडवी झाली. मुलगी उठून आली तरी मावशी हलल्या नाहीत. पाय बधिर झाला तरी हलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मावशींना विचारू नका, त्यांना सांगता येणार नाही. ठकी त्यांच्या हातून जेवली. त्यांच्याकडून वेणी घालून घेतली. झोपताना त्यांचा कान धरून झोपायची, आणि कान दुखला तरी मावशी कूस बदलायच्या नाहीत. कारखान्यात मात्र त्या रोज सकाळी जाऊन मुकाट्यानं डावीच टाच ठोकत होत्या, पलीकडच्या माणसाची नजर चुकवून.

निघायच्या दिवशी टॅक्सी सामानासकट कारखान्याच्या गेटापाशी थांबली. मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांना भेटवून नेते तिला, रविवारी आवाज ऐकलेत ना.’ ठकी आत शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग जी काही पळत सुटली! ही इथं शिवतेय, हा तिथं कापतोय, तो खोक्यांवर बसलाय. आजी अख्ख्या कारखान्यात विखुरलेली! तिनं एकेकाला हाताला धरून ओढत आणलं. शिलाईताईंचं मशीन तसंच चालू राहिलं. मालक फोनवर बोलत होते, त्यांच्या पायाला मिठी मारून तिनं त्यांनाही आणलं. सगळ्यांना ओळीत उभं केलं, अगदी फोनमध्ये दिसायचे तसं. मावशी कमरेला कातडी एप्रन बांधून कोपऱ्यात होत्या. त्यांनाही बोट धरून आणलं आणि त्यांच्या जागेवर लावलं. मग दोन पावलं मागं होऊन तिनं अख्खी आजी डोळे भरून पाहिली.

मावशींनी मनाशी म्हटलं, पाहा आता, हिची खरी आजी हिला मिळाली.

ठकी पुढं आली. मावशींचं बोट पुन्हा धरलं, त्यांना ओळीतून बाहेर ओढलं, आणि मालकांकडे बघून, कारण शेवटी उत्तर तिकडूनच यायचं हे तिला ठाऊक होतं, एक लांब वाक्य बोलली. मास्तरांनी ऐकलं. त्यांनी चष्मा काढला.

‘सांगा की,’ मालक म्हणाले.

‘म्हणतेय,’ मास्तर म्हणाले, ‘बाकीची आजी तुम्हाला बूट करायला लागेल. ती राहू दे. एवढी मी घेऊन जाते.’

शिलाईताईंनी तोंडावर हात घेतला. मालकांनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. ‘अहो, पण,’ मालक चाचरले, ‘डाव्या टाचा कोण ठोकणार?’ ठकीनं मावशींकडे तोंड वर केलं. तिला एक वाक्य हवं होतं. ओळीतलं कुणीतरी सुरू करेल म्हणून ती वाट बघत होती, आणि ओळीतल्या एकालाही तोंड उघडवेना.

मावशी खाली बसल्या, तिच्या तोंडासमोर तोंड आणून. ‘बी,’ त्या म्हणाल्या. मी. हा शब्द काकांचा होता. ‘चाम.’ तू; शेपूट लागायचं असलं की चीचं चाम होतं. तोही काकांचा. ‘ताइ.’ शिलाईताईंचं बरोबर त्यांनी सगळ्यांच्या देखत उचललं आणि जागच्या जागी लावलं. मग मालकांकडे न बघता त्यांनी मालकांचा शब्द घेतला. ‘यावना.’ जाईन. अख्ख्या वाक्यात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं. मी तुझ्याबरोबर जाईन.

ठकीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले.

‘मावशी,’ मालक हळूच म्हणाले, ‘ते क्रियापद माझं होतं.’

‘होतं खरं,’ मावशी म्हणाल्या. ‘पण तुम्ही बोलला नसतात.’

मुलगी जवळ आली. तिनं मावशींच्या खांद्याला धरून कानाशी म्हटलं, ‘आई, अगं काय हे! तिकीट नाही, पासपोर्ट नाही, काही नाही. तिला खरं वाटेल गं.’

‘मग?’ मावशी म्हणाल्या. ‘मी खोटं कुठं बोलले?’